प्लग आभाळाकडं

ज्या माणसामुळं माझी नोकरी गेली, त्याचं नाव मी कुणाला सांगत नाही. रागानं नाही. नाव सांगितलेलं त्यांनाच आवडत नाही. दुकानात कुणी नवखा आला आणि "आपलं नाव काय?" म्हणाला, की ते म्हणत, "नावाला काय करायचंय? काम सांगा." मार्गासनीत लहानथोर सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. आणि उपकार म्हणाल तर आईबापांच्या खालोखाल माझ्यावर त्यांचेच आहेत. नोकरी गेली तरी. किंवा ती गेली म्हणूनच, असंही म्हणता येईल.

वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड. आत विहिरीवरच्या मोटारी, फवारणीचे पंप, भात झोडायची मशिनं, सगळी आपापला नंबर धरून बसलेली. आणि त्या काळ्या तेलकट जागेत मिस्त्री बसायचे ते पांढऱ्याशुभ्र पायजम्यात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, हे कुणाची तरी वाट बघत बसलेले पाहुणे असावेत. मिस्त्री आणि पांढरा पायजमा! पुढं ओळख झाल्यावर मी विचारलंच.

"काळ्या कपड्यावर डाग दिसतो का?" ते म्हणाले.

"नाही."

"मंग कळायचं कसं, कुठनं गळतंय ते?"

संध्याकाळी दुकान बंद करायची त्यांची एक रीत होती. हत्यारं पुसून जागेवर ठेवायची, शटर अर्ध्यावर आणायचं, मग दोन्ही पंजे डोळ्यांसमोर पसरून मोठ्यानं मोजायचं. एक, दोन, तीन... धा. मग शटर खाली आणि कुलूप. एक दिवस चुकला नाही. एसटीची वाट बघणारी कॉलेजची पोरं समोरून ओरडायची, "मिस्त्री, आज किती?"

"धा."

"काल किती होती?"

"काल बी धा."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या सांजच्याला इचार." चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही. पोरं हसत एसटीत चढायची आणि हे आपल्या वाटेला लागायचे. पायी.

पायी, कारण ज्या गाडीचा आवाज त्यांना पटला नाही त्या गाडीत ते बसायचे नाहीत. कुणी मोटारसायकल थांबवून "या मिस्त्री, सोडतो" म्हणालं, की ते म्हणायचे, "बंद कर. आता चालू कर." ऐकून घ्यायचे आणि दहातल्या आठ वेळा मान हलवायचे. "व्हा पुढं. चेन ढिली हाय." राहायला मार्गासनीतच, पण मूळ गाव हिर्डोशी, वरंध घाटाच्या बाजूला. तिकडं एसटी मुळात कमी, आणि जी येईल तिच्या पुढ्यात उभं राहून हे आधी इंजिन ऐकणार. ड्रायव्हर ओळखीचे झालेले. एक जण खिडकीतून ओरडल्याचं मी स्वतः ऐकलंय, "मिस्त्री, पास का नापास?" मिस्त्री म्हणाले, "पास. पण काठावर," आणि चढले.

मोबाईल होता. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. त्याच्या आवाजानं कान बिघडतो म्हणे. फोन करायचा असेल तर समोरच्या चहाच्या टपरीवरच्या मावशीला करायचा, आणि मावशी रस्त्यापलीकडून हाक मारणार.

आणि एक शब्द त्यांच्या दुकानात चालायचा नाही. शिव्या चालायच्या. 'आपोआप' चालायचा नाही. "मिस्त्री, मोटार आपोआप बंद पडली," म्हणालात की संपलं, ते उठून चहाला जाणार. "आपोआप केस पांढरे व्हत्यात," असं त्यांचं म्हणणं. "बाकी समदं कुणीतरी केलेलं असतंय." मशीन आलं की पहिला प्रश्न एकच असायचा. काय होतंय, कधीपासून होतंय, हे नंतर. आधी: "शेवटचा हात कुणाचा लागला, आनि त्या हातानं काय केलं?"

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पहिल्या दिवशी चार किलोमीटरची फुकटची पायपीट वाचली असती.

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली. आईबाप ऊसतोडीला जायचे आणि धाकट्यांना सांभाळायला घरी मीच होते. लग्नानंतर इकडं आले ती मार्गासनीच्या वरच्या अंगाला एका बंगल्यावर, राखणदारीला. ह्या बाजूला असे पुष्कळ बंगले. मालक शहरात, हिरवळ इथं. मालकांना राखणीला जोडपं लागतं. बाईनं घर बघायचं, गड्यानं बाग बघायची. आम्ही जोडप्यानं आलो खरे, पण नवऱ्याचं मन लागेना. पहिल्याच पावसाळ्यात तो गावी परत गेला, आणि मी गेले नाही. का गेले नाही ती दुसरी गोष्ट आहे. एवढंच सांगते, राहायला दिलेल्या मागच्या बाजूच्या एका खोलीला आतून कडी होती आणि ती कडी मला हवी होती.

मालक म्हणाले, "एकटी बाई मशीन चालवणार? बघू. जमलं तर राहा."

मशीन म्हणजे लॉन कापायचं, ढकलत न्यायचं. मालकांनी जुन्या बाजारातून आणलेलं. चार चाकं, वर पेट्रोलचं इंजिन, पोटात फिरणारं पातं आणि मागं हँडल. हँडलजवळ एक लोखंडी दांडी असते, तिला लिव्हर म्हणतात. ती हँडलसकट मुठीत धरली तरच इंजिन चालतं आणि सोडली की बंद पडतं. अशी रीत आहे हे मला पुढं कळलं. आमच्या मशीनची लिव्हर हँडलला तारेनं आवळून बांधलेली होती. मी समजले, ती तशीच असते.

मला भीतीची जुनी सवय. रात्री कडी तीनदा बघायची, मालकांचा फोन यायच्या आधी उत्तरं पाठ करून ठेवायची. पण मशीन मी शिकले. दोन महिने चालवलं. मालक म्हणाले, "दसरा होऊ दे. कोजागिरीला पाहुणे आणतोय, लॉनवर दूध करायचं. तेव्हा बघून ठरवतो, तू का दुसरं जोडपं."

म्हणजे सगळं त्या लॉनवर आलं.

खंडेनवमीला आमच्या घरी बाबा नांगर, कुऱ्हाड, विळे, कोयते सगळं घासून धुवून पाटावर मांडायचे. हळदकुंकू, झेंडू, अक्षता. गाव सुटलं तरी रीत कशी सुटणार? मी विळा धुतला, खुरपी धुतली. मग मशीनकडं बघितलं. ज्याच्यावर माझी खोली टिकून होती त्याला असंच कसं ठेवायचं? पातं खाली चिकटलेल्या गवतानं हिरवं झालेलं. नांगर आडवा करतात तसं मी मशीन एका कुशीवर आडवं केलं, बागेचा पाइप लावला आणि आतून-बाहेरून असं धुतलं, असं धुतलं, की माझी मीच खूश. मग कुंकू, अक्षता, झेंडूची माळ. दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नसतो म्हणून नाही लावला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोरी ओढली. दोरी येईचना. जोर लावला तर हातभर आली आणि झटका देऊन परत गेली. पन्नास वेळा ओढली असेल. खांदा भरून आला, मशीन गप्प. गळ्यात झेंडूची माळ आणि तोंडातून एक शब्द नाही.

तशीच चालत मार्गासनीला गेले आणि मिस्त्रींपुढं उभी राहिले. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. "मशीन आपोआप बंद पडलंय."

ते उठले आणि चहाला गेले.

मी अर्धा तास शेडीच्या दारात उभी. शेवटी मावशीच रस्ता ओलांडून आली. "अगं बया, आपोआप म्हनलीस का? जा आता घरी. आज न्हाई बोलायचा त्यो. उद्या ये आनि खरं काय ते सांग. त्यो मारत न्हाई कुनाला."

खरं सांगायचं म्हणजे मी बिघडवलं असं सांगायचं. ते मालकांच्या कानावर गेलं की खोली गेली. रात्रभर तेच डोक्यात. सकाळी परत गेले. या वेळी वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

"शेवटचा हात कुणाचा लागला?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझा."

"त्या हातानं काय केलं?"

"धुतलं. खंडेनवमीला. आडवं करून, पाइप लावून."

मला वाटलं, आता हसतील. ते उठले, पिशवीत पाने, पक्कड घातली, शटर ओढलं. "चला. मशीन जितं बंद पडलं तितंच चालू करायचं असतंय." मालकांच्या बंगल्यावर दूध घालणारा टेम्पो समोरच होता. मिस्त्रींनी चालू करायला लावला, ऐकला, आणि आम्ही चार किलोमीटर चालत गेलो.

वाटेत ते एकदाच बोलले. "बाई, तुमी शिकला किती?"

"आठवीत सोडली."

"म्या चौथीत. म्हंजे माझ्यापरीस चार वर्सं तुमी पुढं. तर दुरुस्ती तुमी करायची, म्या बसून बगनार."

तोवर इकडं मला कुणी 'तुमी' म्हटलं नव्हतं. मालक, मालकीणबाई, पाहुण्यांची पोरंसुद्धा 'तू'च. मी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का म्हणून.

बंगल्यावर गेल्यावर त्यांनी घमेलं उपडं घातलं, त्यावर पांढरा पायजमा सावरून बसले आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. ते हात नंतर दोन तास सुटले नाहीत. नुसतं सांगत होते.

"पयलं, प्लगची टोपी काडा. मशीनला हात लावायच्या आधी टोपी. झोपेत बी." काढली. "आता प्लग खोला." खोलला. इंजिनात ठिणगी पाडणारा तो बोटभर तुकडा तेलानं निथळत होता. "आता प्लगशिवाय दोरी वढा." ओढली, तर भोकातून तेलाची पिचकारी उडाली ती थेट मिस्त्रींच्या पायजम्यावर. मी पुसायला धावले. ते खाली वाकून डाग बघत राहिले, खूश होऊन.

"बगा. कळलं का, कुठनं कुठं गेलतं त्ये? तुमी मशीन हवा घ्यायच्या कुशीवर आडवं केलं. तळातलं ऑइल समदं नाकात गेलं."

मग एअर फिल्टर काढला. हवा गाळायचा स्पंजाचा तुकडा तो, ऑइल आणि पाण्यानं चिंब. आणि त्यात, मी काय सांगू, कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा. अक्षता.

मिस्त्रींनी मान पुढं काढून बघितलं. पहिल्यांदाच त्यांच्या मिशा हलल्या. "पूजा बराबर केली तुमी," ते म्हणाले. "त्यात खोट न्हाई. धुनं चुकलं. देवाला आंगुळ घालताना तोंडात पानी वततो का आपन?"

"नाही."

"मंग हे ध्यानात ठिवा. आडवं करायचं तर प्लग आभाळाकडं. दुसरं काय इसरलं तरी चालंल."

पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायला लावलं. खाली पाणी, वर पेट्रोल, मधे रेघ. कार्बोरेटरची वाटी खोलली, तिच्यातही पाणी. आतलं बारीक भोक खराट्याच्या काडीनं साफ केलं. तारेनं करायचं नाही, तारेनं भोक वाढतं. फिल्टर साबणानं धुवून उन्हात ठेवला. प्लग पुसून वाळवला. नवं ऑइल खुणेपर्यंत, नवं पेट्रोल. सगळं माझ्या हातानं. चुकले की ते फक्त "हं" म्हणायचे आणि मी थांबायचे.

"वढा आता."

तिसऱ्या ओढीला ते धडधडलं. पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की खालच्या वाडीतून कुणीतरी ओरडून विचारलं, काय पेटलं का म्हणून. मी रडत होते की हसत होते, मला सांगता यायचं नाही. नंतरही मशिनं पुष्कळ चालू केली, पण तो आवाज तो आवाज.

"आता बंद करा," मिस्त्री म्हणाले.

मी हँडलवरची तार सोडवायला लागले. दोन पीळ, तीन पीळ. लिव्हर सुटली, इंजिन थांबलं. मान वर केली तर मिस्त्री घमेल्यावरून उठले होते आणि पाठीमागचे हात पुढं आले होते.

"ही तार कुनाची?"

"पहिल्यापासूनच आहे. मालक म्हणतात, राहू दे, नाहीतर दर खेपेला दोरी ओढावी लागते."

"खाली गवत अडकलं की काय करता?"

"काडीनं काढते."

"चालू असताना?"

"बंद केलं की परत तार, परत दोरी..."

"काडी दावा."

जास्वंदीची काडी तिथंच कुंपणाला खोचलेली होती. वीतभर. मिस्त्रींनी ती पात्याच्या तोंडाशी धरून बघितली, मग माझ्या हाताशी धरून बघितली.  पिशवीतून पक्कड काढली आणि तार कापली, एकदा, दोनदा, तुकडे करून.

आता लिव्हर धरून दोरी ओढायची. ओढली, पण इंजिन उठेना. लिव्हरपासून इंजिनापर्यंत जाणारी केबल आत गंजून ढिली झालेली. म्हणूनच कुणीतरी कधीतरी तारेची युक्ती केली होती.

"केबल बदलाय लागंल," मिस्त्री म्हणाले.

"बदलू ना. पण परवा कोजागिरी आहे. आजचा दिवस तार बांधून द्या. तेवढं लॉन कापते. मग बदलू."

"न्हाई."

"एक दिवस, मिस्त्री. माझी नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

"तुमचं काय जातंय!" मी ओरडलेच. "मी हात दिला नसता तर हे चालू झालं असतं का? मी केलंय ना दुरुस्त? मग बांधा तार!"

मिस्त्री खाली वाकले. टोपी काढली, प्लग खोलला, पांढऱ्या पायजम्याच्या खिशात टाकला आणि फाटकाकडं चालायला लागले. मी मागं धावले. "अहो, प्लग!"

"केबल आणली की आणतो," ते न वळता म्हणाले आणि उतार उतरून गेले.

मी तिथंच गवतात बसले. एवढा राग मला नवऱ्याचाही आला नव्हता. मावशीला फोन लावला आणि मिस्त्रींना काय काय बोलायचं ते सगळं तिलाच बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, त्याच्या शेडीत भिंतीला खुटी हाय बग, मोकळी. तिचं ठाव हाय का तुला?"

तिनं सांगितलं ते असं. मिस्त्री तरुणपणी एका ठेकेदाराकडं धरणाच्या कामावर होते, खडी फोडायच्या मशीनवर. पट्ट्यावरची जाळी कुणीतरी काढून ठेवली होती, काम भराभर व्हावं म्हणून. एका गड्याची दोन बोटं गेली. ठेकेदार म्हणाला, जाळी नंतर बसवू, आधी खडी. मिस्त्रींनी इंजिन थांबवलं, ते चालू करायचं हँडल उपसून पोत्यात घातलं आणि हिर्डोशीला घरी चालत गेले. घरी जाऊन खुंटीला अडकवलं. तीन दिवस मशीन उभं. चौथ्या दिवशी ठेकेदार जीप घेऊन दारात. जाळी बसवली म्हणाला, बस गाडीत. मिस्त्रींनी जीपचा आवाज ऐकला आणि म्हणाले, तुमी व्हा पुढं. चालत गेले, जाळी हातानं हलवून बघितली, हँडल दिलं. ठेकेदार म्हणाला, लाग आता कामाला. तर म्हणाले, "हँडल तुमचं व्हतं, दिलं. म्या माझा हाय. चाललो." पुढं मार्गासनीत दुकान टाकलं तेव्हा ती खुंटी घरची उपसून इथं आणून ठोकली. तिच्यावर काही अडकवू देत नाहीत.

"तवापासनं मोजतोय बोटं," मावशी म्हणाली. "पोरं हसत्यात. हसू दे."

त्या संध्याकाळी मालकांचा फोन आला. "झालं का लॉन?"

उत्तर पाठ नव्हतं. "नाही झालं. मशीन बंद आहे. मी धुतलं, चुकीच्या कुशीवर आडवं केलं, म्हणून बंद पडलं. उद्या होईल."

 "म्हणून मी म्हणत होतो, जोडपं पाहिजे," मालक म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत मिस्त्री फाटकात. धुतलेला पायजमा, खिशात प्लग, हातात सायकलच्या ब्रेकची नवी केबल. माझ्याच हातानं ती बसवून घेतली. लिव्हर धरली, दोरी ओढली, चालू. लिव्हर सोडली, एक-दोन-तीनच्या आत पातं थांबलं. त्यांनी मला ते वीसदा करायला लावलं. मग वीतभर काडी उचलून गुडघ्यावर मोडली आणि कुंपणापलीकडं टाकली. मी कालच्या बोलण्याबद्दल काही म्हणायला गेले तर म्हणाले, "चा हाय का?"

आश्विनातलं गवत जाड, पाण्यानं भरलेलं. दर चार ढांगांना मशीनच्या पोटात गच्च बसायचं. आता दर वेळी लिव्हर सोडायची, टोपी काढायची, मशीन आडवं करायचं, प्लग आभाळाकडं, गवत ओढायचं, परत उभं, परत टोपी, परत दोरी. त्या दिवशी वरचं अर्धं लॉन झालं. कोजागिरीच्या दुपारी खालचं कापत होते, तोच फाटकात दोन गाड्या आल्या. वेळेच्या आधी.

पाहुणे उतरले, सात-आठ जण. मालक सरळ माझ्याकडं आले. मी लिव्हर सोडून गवत काढत होते.

"अजून हेच चाललंय? आणि सारखं बंद का करतेस? तार कुठाय?"

"काढली."

"कोणी काढली?"

मिस्त्रींचं नाव तोंडावर आलं होतं. ते सोपं होतं. "मी," मी म्हणाले.

मालकांनी ड्रायव्हरला हाक मारली. "गाडीत तार आहे बघ. आण आणि बांध ही लिव्हर. तासाभरात उरकू दे हिला."

ड्रायव्हर तार घेऊन येताना दिसला.    टोपी काढलेलीच होती. पाना लावला, प्लग खोलला. तापलेला होता. पदरात घेतला आणि गाठ मारली. त्या पदराला भोक पडलं, ते अजून आहे. ते लुगडं मी टाकलेलं नाही.

"हे काय?" मालक म्हणाले. "प्लग दे."

"तार बांधणार नसाल तर देते."

"तुला कामावर राहायचंय की नाही?"

"राहायचंय," मी म्हणाले. "दहा बोटांनी राहायचंय."

पाहुणे बघत होते. ड्रायव्हर तार हातात घेऊन कधी मालकांकडं बघे, कधी माझ्या पदराकडं. पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. वरच्या अंगाला कापलंय की छान. तिथं बसू." सतरंज्या वर पडल्या. खाली घोटाभर गवत तसंच उभं, मधोमध सरळ रेघ. मी आत जाऊन दुधात केशर घातलं.  मालक सकाळी जाताना बोलले. दिवाळीनंतर नवीन जोडपं येणार होतं.

माझी दिवाळी तिथं झाली. उरलेलं लॉनही कापून दिलं, लिव्हर धरून. निघताना मशीनमध्ये प्लग घट्ट बसवला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर माझ्या आठवीच्या अक्षरात लिहिलं, "प्लग आभाळाकडं. तार बांधू नये." आणि हँडलला सुतळीनं अडकवलं. नवीन जोडप्यातल्या बाईला वाचायला लावलं, दोनदा.

आता मी आंबवड्याच्या बाजूला एका रोपवाटिकेत कामाला आहे. गाव अजून लांबच आहे. भीतीही काही कुठं गेली नाही, कडी अजून तीनदाच बघते. पण कामाला लागायच्या आधी मी तिथल्या मालकांना म्हणाले, आधी तुमची मशिनं दाखवा. दाखवली. मग मी हो म्हणाले.

बंगला सोडला त्या संध्याकाळी पिशवी घेऊन मार्गासनीला उतरले तेव्हा मिस्त्री शेड आवरत होते. हत्यारं पुसून झाली होती, शटर अर्ध्यावर आलं होतं.

"मिस्त्री, नोकरी गेली."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पिशवीकडं. "प्लग?"

"बसवून दिला."

"बरं केलं. त्यो त्यांचा."

एवढंच. समाधान नाही, सहानुभूती नाही. मला वाटलं होतं, निदान चहा विचारतील. पलीकडं एसटीच्या थांब्यावर पोरं उभी होती, बघत होती. मिस्त्रींनी पंजे डोळ्यांसमोर पसरले. एक, दोन, तीन. धा. शटरला हात घातला आणि तसेच थांबले. माझ्याकडं बघत राहिले.

मी पिशवी खाली ठेवली आणि हात पुढं केले. त्यांनी स्वतः मोजली, अकरापासून पुढं, एकेका बोटाकडं मान हलवत, मोठ्यानं, थांब्यावरच्या पोरांना ऐकू जाईल अशी.

"ईस," मिस्त्री म्हणाले. "लावा कुलूप."